दोन माणसांची गाडी

काकू दुकानात आल्या की बोलायच्या आधी काउंटरवरून पालथी बोटं फिरवायच्या. डोळे मिटून. मग म्हणायच्या, "खरखर हाय अजून." काउंटर सागवानी, वडिलांच्या वेळचा, वापरून वापरून आरशासारखा झालेला. पण काकूंनी म्हटलं की मलाही ती खरखर जाणवायला लागायची, आणि त्या गेल्यावर मी इकडेतिकडे बघून हळूच हात फिरवून घ्यायचो.

ही सवय त्यांना धंद्यानं लावली होती. पेणकरांना हे सांगायला नको, तुम्ही बाहेरचे असाल तर सांगतो. गणपतीची मूर्ती साच्यातून निघाली की ती पॉलिश पेपरनं घासतात, आणि ती गुळगुळीत झाली की नाही हे पालथ्या बोटांनाच कळतं. तळहात राबून राबून निबर झालेला असतो, त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही. काकूंचा कारखाना म्हणजे घराला लागून असलेली लांबलचक पत्र्याची शेड. त्यांच्या वडिलांनी उभी केलेली. काकू एकुलत्या एक, म्हणून लग्नानंतरही त्या इथेच राहिल्या आणि वडिलांमागे कारखाना त्यांनीच सांभाळला. नवरा लवकर गेला. मुलगा डोलवीला कंपनीत शिफ्टला जायचा आणि उरलेला वेळ झोपायचा.

माझं दुकान मोटारीच्या सुट्या भागांचं. गणपती घासणाऱ्या बाईचं तिथे काय काम, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पिशवीतून गंजलेल्या लोखंडाचा एक तुकडा काढून काउंटरवर ठेवला.

"असला एक दे, बाला."

"कुठल्या गाडीचा?"

"लाल गाडीचा."

"अहो काकू, लाल काय, कंपनी कुठली?"

"इंग्रजाची असंल."

मी तसा तिरसट माणूस आहे. गिऱ्हाईक अर्धवट माहिती घेऊन आलं की माझं डोकं फिरतं. पण तो तुकडा कशाचा, हे मला खरोखरच ओळखू येईना. ट्रकपासून सहा आसनी रिक्षापर्यंत सगळ्यांची हाडं मी विकली आहेत, हे हाड निराळं होतं. दुपारी शटर ओढलं आणि काकूंच्या मागोमाग त्यांच्या शेडमध्ये गेलो.

आत दोन्ही बाजूंना पांढरे गणपती, आणि त्यांच्या मधोमध एक बुटकी, लांब नाकाची, बिनछपराची विलायती गाडी. चाकं जमिनीत रुतलेली. डाव्या सीटवर कोंबडी बसलेली, तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं. बॉनेटवर गणपतींचे सुटे हात ओळीनं वाळत घातले होते. असली गाडी मी कॅलेंडरवर पाहिली होती, पेणमध्ये असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. गंज इतका, की दारावर बोट ठेवलं तर ते आरपार गेलं.

"भोकं आधीच लय हायत, त्यात तुझं एक," काकू म्हणाल्या.

गाडी मूळची रिबकाच्या वडिलांची. रिबका काकूंची शेजारीण आणि मैत्रीण, एका बाकावर बसणारी. आपल्याकडे ज्यांना शनवार तेली म्हणायचे त्या इस्रायली, म्हणजे ज्यू समाजातली. तिचे वडील मुंबईला बंदरावर चांगल्या हुद्द्यावर होते आणि भलते हौशी. मायदेशी परत निघालेल्या कुणा साहेबाकडून त्यांनी ही गाडी घेतली. शनिवार पाळायचा म्हणून त्या दिवशी तिला हात लावायचे नाहीत आणि रविवारी सगळ्या आळीत धूर करायचे. गाडीला सीटा दोनच. रिबका आणि काकू एकाच सीटवर दाटीवाटीनं बसायच्या आणि एकमेकींना कोपरं मारायच्या.

अलिबागच्या अलीकडे, खंडाळा नावाच्या गावाच्या बाजूला, या समाजाचं एक मोठं श्रद्धेचं ठिकाण आहे. एलियाहू हन्नाबीचा टापा. एलियाहू हा त्यांचा पैगंबर. तो रथातून स्वर्गात गेला, आणि त्या रथाच्या चाकाची, घोड्यांच्या टापांची खूण तिथल्या खडकावर उमटली, असं ते मानतात. लग्न ठरलं, परीक्षा पास झाली, की तिथे जाऊन मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य, करायचा. मॅट्रिक झालात की दोघींना या गाडीतून टाप्याला नेतो, असं रिबकाच्या वडिलांनी कबूल केलं होतं. दोघी पास झाल्या. पण निकालाच्या आधीच रिबकाच्या घरच्यांचं इस्रायलला जायचं ठरलं, आणि बांधाबांधीत टापा राहून गेला. गाडी त्यांनी काकूंच्या वडिलांच्या शेडमध्ये लावली. परत येऊ तेव्हा नेऊ, म्हणाले. माणसं जाताना असंच म्हणतात.

पुढे काय होतं, ते तुम्हीही पाहिलं असेल. वडील तिकडेच वारले. रिबकाचं लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली. पण फोन मात्र चुकला नाही. आधी टपाल कचेरीतून, मग शेजारच्यांकडे, मग काकूंच्या बटणाच्या मोबाइलवर. दर शनिवारी रात्री उशिरा फोन वाजायचा आणि तासभर चालायचा. मुलगा मोठा फोन घेऊन देतो म्हणाला, चेहरा दिसतो म्हणाला. काकूंनी नको म्हटलं. "आवाज तोच हाय. तोंड बघून काय करायचं?" दोघींनी एकमेकींना शेवटचं पाहिलं ते पेणच्या एसटी स्टँडवर, परकर-पोलक्यात.

तर एका शनिवारी रिबका म्हणाली, एकदा यायचंय गो, टापा राहिलाय. आणि मग विचारलं, बाबांची गाडी हाय का?

"हाय, तशीच हाय," काकू म्हणाल्या.

बोलून गेल्या आणि अडकल्या. दुसऱ्या दिवशी तो गंजका तुकडा घेऊन माझ्याकडे आल्या.

आता त्यांची चूक सांगतो. ही चूक फक्त पेणचा माणूसच करू जाणे. कारखान्यात मूर्तीचा हात तुटला तर काय करतात? काथ्या प्लास्टरमध्ये बुडवायचा, तुटल्या जागी लिंपायचा, वाळला की घासायचा आणि वर रंग. कुणाच्या बापाला कळत नाही. काकूंनी गाडीचंही तेच केलं. मडगार्डाची भोकं, दारं, मागची डिकी, सगळं प्लास्टर आणि काथ्यानं भरून काढलं. पालथी बोटं फिरवून फिरवून असं घासलं की लोण्यासारखं. मग कारखान्यातल्याच स्प्रेनं लालबुंद रंग दिला. मी पाहिलं आणि अवाक झालो. धंद्यात एवढी वर्षं काढलेला मी, मलासुद्धा शंका आली नाही. दुकानातल्या गिऱ्हाइकांना मी ती गाडी दाखवायला घेऊन जायचो.

फक्त दिवे लावू देईनात. पुढचे दोन्ही मोठे दिवे मी मुंबईच्या जुन्या बाजारातून शोधून आणले होते. काकूंनी ते फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवून दिले. मूर्तीचे डोळे सगळं काम झाल्यावर आखतात, त्याच्या आधी नाही. गाडीलाही तोच नियम.

मग पाऊस सुरू झाला. आमच्याकडचा पाऊस म्हणजे भिंतीसुद्धा घाम गाळतात. श्रावणात काकूंचा निरोप आला म्हणून गेलो, तर पुढचं मडगार्ड जमिनीवर पडलेलं आणि काकू त्याच्यापाशी उभ्या. प्लास्टरनं सगळा ओलावा पिऊन ठेवला होता आणि आतलं उरलंसुरलं लोखंड त्यात कुजून गेलं होतं. रिबका दिवाळीनंतर येणार होती. तिनं तिकीट काढलं होतं.

"तशीच हाय म्हनून सांगितलंय मी तिला," काकू एवढंच म्हणाल्या.

मला त्यांची इतकी दया आली की मी उगाच त्यांच्यावर ओरडलो. म्हटलं, गाडी म्हणजे काय गणपती वाटला तुम्हाला? आधी विचारायचं नाही? मग स्कूटर काढली आणि रोह्याला गेलो.

रोह्याचे इस्माईल मिस्त्री म्हणजे जुन्या इंजिनांचे डॉक्टर. कंपनीतून रिटायर होऊन घरी बसलेले. ते आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं दार वाजवून बघितलं. पत्र्याचा आवाज येईना, ढब ढब यायला लागला.

"बाय, हिला विसर्जनाला काढायची हाय काय?"

"शाडूची असती तर काढली असती, चाचा," काकू शांतपणे म्हणाल्या. "ही प्लास्टरची हाय. इरघळायची नाय."

चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. काम त्यांनी तिथल्या तिथे घेतलं.

गणपती जाईपर्यंत शेडमध्ये हलायला जागा नव्हती. मूर्ती घरोघर गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी काकूंनी छिन्नी घेतली. आपण लिंपलेलं सगळं प्लास्टर त्यांनी स्वतः काढलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. इतक्या महिन्यांची ती मेहनत पांढऱ्या ढेकळांच्या रूपात अंगणात येऊन पडत होती. मी समोर उभा होतो आणि मला बघवत नव्हतं. काकू मात्र मूर्ती बिघडल्यावर करतात तसं बिनतक्रार करत होत्या. मागून चाचा कुजका पत्रा कापत आणि नवा जोडत आले. इंजिनाला जुन्या टॅक्सीचा पंप बसला, टेम्पोची कॉइल बसली. कागदपत्रांसाठी माझ्या ओळखीच्या एजंटानं आरटीओत इतक्या फेऱ्या मारल्या की अजून तो मला पाहिलं की रस्ता बदलतो.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा शेडमध्ये इतका धूर झाला की काम करणाऱ्या बायका ओरडत बाहेर पळाल्या. चाचांनी हात पुसले.

"चला. आता फिरायला कोन कोन जानार?"

"मी आनि रिबका," काकू म्हणाल्या.

"आनि चालवनार कोन?"

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण इतके दिवस आमच्या तिघांच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. मी म्हटलं, मी चालवतो.

"मग मी कुठं बसू?" काकूंनी विचारलं.

गाडी दोन माणसांची होती. काकूंनी सायकलसुद्धा कधी चालवली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात उभ्या राहिल्या, कॉलेजच्या पोरींच्या रांगेत, पदर खोचून. शिकवणारा माझ्याकडे येऊन रडायचा. म्हणायचा, काकू रस्ता बघत नाहीत, पुढच्या ट्रकचा रंग बघतात. हॉर्न द्या म्हटलं की म्हणतात, त्याला दिसतंय की मी येतेय, कशाला ओरडायचं? पहिल्या परीक्षेत नापास झाल्या. दुसऱ्या वेळी पास झाल्या आणि दुकानात पेढे घेऊन आल्या. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात फोन आला, शनिवार नसताना. रिबकाच्या मुलीचा. तिला मोडकंतोडकं मराठी येत होतं. आई इस्पितळात होती. डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली होती, आणि आता फार दिवस नाहीत असंही सांगितलं होतं.

काकूंनी मला आणि चाचांना बोलावलं. गाडीचा पत्रा उघडाबोडका होता. जिथे तिथे वेल्डिंगचे डाग, मधे जुना गंज, मधे जुना लाल रंग.

"रविवारी जाऊ," काकू म्हणाल्या. "तुझ्या मोठ्या फोनवर तिला दाखवता येतं ना, बाला? मग तिला बाजूच्या सीटवर बसवू."

मी म्हटलं, "काकू, निदान रंग तरी देऊ. पंधरा दिवस थांबा. तुम्ही तिला तशीच आहे म्हणून सांगितलंय."

"रंगाला थांबलो तर ती ऱ्हायची नाय."

मग त्यांनी फळीवरून ते फडकं काढलं, दोन्ही दिवे पुसले आणि चाचांच्या हातात दिले. ज्या बाईनं खरखर राहिलेली एकही मूर्ती कधी कारखान्याबाहेर जाऊ दिली नव्हती, तिनं ती ओबडधोबड गाडी पुरी झाली म्हणून सांगितलं. चाचा दिवे बसवत होते तेव्हा आम्ही कुणीच बोललो नाही. डोळे आखताना बोलायचं नसतं, एवढं आम्हालाही ठाऊक होतं.

रविवारी सकाळी माझा फोन डाव्या सीटच्या पाठीला काथ्यानं बांधला, रस्ता दिसेल असा. फोन मीच लावला, म्हणून रिबकाला आधी मी पाहिलं. उशीवर टेकलेली, नाकात नळी, अगदी एवढीशी झालेली. मुलीनं फोन धरला होता. फोन बांधायच्या आधी मी तो गाडीभोवती फिरवून तिला गाडी दाखवली. आता काय म्हणेल याची मला भीती होती.

"गो, किती म्हातारी झाली ही," फोनमधून आवाज आला.

"आपल्यापेक्षा बरी हाय," काकू स्टिअरिंगमागून म्हणाल्या, आणि त्यांनी गाडी सोडली.

मी स्कूटरवर मागे, चाचा माझ्या पाठीशी हत्यारांची पिशवी धरून. वडखळपर्यंत महामार्गावरचे ट्रकवाले खिडकीतून वाकून बघत होते. गाडी सायकलीच्या वेगानं चालली होती आणि काकू सारख्या बोलत होत्या. डाव्या हातानं दाखवायच्याही. ही खाडी, हा पूल नवा, ही तुझ्या मामाची शेती, आता तिथं गोडाऊन हाय. कार्लेखिंड चढताना इंजिन तापलं, चाचांनी पाणी घातलं. तेव्हा मी वाकून पाहिलं तर फोनची रेंज गेली होती, पडदा काळा. काकू तरी बोलतच होत्या. मागच्या पोयनाड गावापासून त्या कुणाशी बोलत आल्या होत्या कोण जाणे. मी त्यांना काही सांगितलं नाही. खिंड उतरल्यावर फोन पुन्हा लागला.

"कुठं गेलीस गो मधेच?" रिबकानं विचारलं.

"कुठं जातेय? हीतंच हाय तुझ्या बाजूला."

टाप्याला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. काकूंनी फोन सोडवून घेतला, खडकापाशी गेल्या आणि त्या खुणेवर धरला. चाकाचा माग, टापांच्या खुणा, सगळं हळूहळू दाखवलं. फोनमधून पुटपुटल्यासारखी प्रार्थना ऐकू आली. ती संपल्यावर काकूंनी विचारलं, "दिसला ना नीट?"

"खडक दिसला. आता तू दिस."

काकूंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मी काय दिसायची. म्हातारी झालेय."

"मी काय परकर घालून बसलेय? फिरव फोन."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. फोन फिरवायचा कसा, हे त्यांना माहीत नव्हतं. मी बटण दाबून दिलं आणि बाजूला झालो. दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या, कितीतरी वेळ. चाचा आणि मी पाठ करून उभे राहिलो. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

"तू तुझ्या आयेसारखी दिसायला लागलीस गो," रिबका म्हणाली.

"आनि तू तुझ्या बाबांसारखी," काकू म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

रिबका दिवाळीच्या आत गेली. काकूंनी मला ते दुकानात येऊन सांगितलं. मी विचारलं, गाडीला आता सावकाश रंग देऊ या का? नको म्हणाल्या. तिनं अशी पाह्यलीय, अशीच ऱ्हाऊ दे. त्यानंतर काकूंनी आणखी एक गणपतीचा हंगाम काढला आणि थंडीत न्युमोनियाचं निमित्त होऊन त्याही गेल्या. मुलानं गाडी विकलेली नाही. रिबकाच्या मुलीला यायचं आहे म्हणतात.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. टाप्यावरून परत निघताना चाचांची कंबर धरली होती. त्यांना स्कूटरवर बसवेना. फोनची बॅटरी तर संपलेली. मी काकूंना म्हटलं, "परत जाताना चाचांना तुमच्या बाजूला घ्या. सीट मोकळीच आहे."

काकूंनी फोन मला परत दिला. डाव्या सीटवर बसलेली धूळ पदरानं पुसली, दार उघडून पुन्हा नीट लावलं आणि गाडी सुरू केली.

"मोकळी नाय ती," त्या म्हणाल्या.

चाचांनी मान हलवली, कंबरेवर हात ठेवला आणि ते माझ्या मागे येऊन बसले.